मालकाची सही

रामवाडी, पेण
७ सप्टेंबर १९९८

सौ. हौसा हिला,

दिनानाथचं पत्र आहे. अक्षर ओळखलं असशील तर फाडू नको, आधी वाच. एकोणीस वर्षांनी लिहितो आहे, काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून कामाचंच लिहितो.

मी रोह्याची नोकरी सोडली. ऑगस्ट अखेरीला. आता धरमतरच्या जेटीवर एका कंपनीत वजनकाट्यावर लागलो आहे. ट्रक आला की वजन घ्यायचं, चिठ्ठी फाडून द्यायची. बॉयलरच्या मानाने बसून काम आहे. रामवाडीत एसटी स्टँडच्या मागे एक खोली घेतली. परवाच गणपती गेले. मूर्तींच्या कारखान्यांत आता नुसते साचे पडलेत आणि गाव ओस वाटतं. मी इथे नवा आहे, मला ओसच वाटणार म्हणा.

कामाचं असं आहे. रोह्याला माझा फंड सगळ्या पगारावर कापत होते, वर मी आपखुशीने आणखी थोडा कापायला सांगितला होता. इथे फंडाचं काम हैबतराव नावाचे कारकून बघतात. ते म्हणाले, सरकारी मर्यादा पाच हजारांची. पगार त्याच्या वर असला तरी ही कंपनी पाच हजारांपुरतंच कापणार. म्हणजे वर्ष मधेच तुटलं. अर्धं रोह्याचं भरलेलं आणि अर्धं इथलं तोकडं. मी म्हटलं, मला तोकडं नको. तर म्हणाले, "मग जोडअर्ज लागंल. दोघांच्या सह्यांचा. ऑक्टोबरच्या आत झाला तर झाला." त्याच्या आधी त्यांनी विचारलं होतं, बायको हाय का? मी म्हटलं, हाय.

तर तुझी सही लागेल. अर्ज हातात आला की पाठवतो. एक सही करून दे, बाकी तुला काही त्रास देणार नाही.

नाथा बरा असेल.

दिनानाथ


गागोदे बुद्रुक
१४ सप्टेंबर १९९८

पत्र मिळालं. फाडलं नाही. चुलीत घालणार होते, पण माझा भाऊ नाथा म्हणाला, ताई, उत्तर तरी दे, नायतर माणसाला वाटंल पत्र पोचलंच नाय. म्हणून देते.

दोघांच्या सह्यांचा अर्ज कशाला म्हणतात ते मला चांगलं कळतं. आमच्या खालच्या आळीतल्या मैनेला असाच एक आला होता, पेणच्या वकिलाकडून. तिलाही हेच सांगितलं होतं, एक सही कर, बाकी त्रास नाही. तिने बिचारीने केली सही, आणि आठ महिन्यांत तिच्या घरात दुसरी नांदायला आली. तुम्हाला सोडचिठ्ठी हवी असेल तर सरळ तसं लिहा. मधे त्या फंडाला कशाला उभं करता? आणि वर मर्यादेच्या गोष्टी! मर्यादा कशाला म्हणतात ते मला शिकवू नका. एकोणीस वर्षं मी इथे भावाच्या घरी राहिले, एक बोट कुणी माझ्याकडे दाखवलेलं नाही.

पन्नाशीला आलात. आता कोण मिळाली?

दुसरं एक. रामवाडीहून खोपोलीच्या एसटीने गागोदे फाटा अर्ध्या तासावर आहे. तुमचं पत्र यायला चार दिवस लागले. एवढं जवळ येऊन माणूस टपालपेटी शोधतो, त्याला काय म्हणायचं?

मी अंगणवाडी चालवते. अठ्ठावीस पोरं आहेत, त्यांचं खाऊपिऊ, वजन, टोचण्या सगळं मी बघते. कुणाच्या दारात हात पसरायला गेले नाही आणि जाणार नाही. सही मिळणार नाही.

हौसा गोविंदा लाड


रामवाडी, पेण
१८ सप्टेंबर १९९८

हौसा,

पत्राखाली बापाचं नाव लावलंस. तेवढ्यावरून कळलं किती रागावली आहेस ते. बाकीचं वाचलं नसतं तरी चाललं असतं.

अगं, सोडचिठ्ठी कसली? कोणी नाही मिळालेली, कोण मिळणार? शेगडीवर भात टाकतो, तोही बहुतेक खालून लागतो. कोणी असती तर भात तरी धड झाला असता.

आता नीट सांगतो. नवीन नोकरीत नवीन फॉर्म भरावा लागतो, त्यात कुटुंबाचा रकाना असतो. मी मेल्यावर फंड कोणाला आणि पेन्शन कोणाला, ते तिथे लिहायचं. रोह्याच्या फॉर्मात लग्नानंतर तुझं नाव लिहिलं होतं, ते तिथे तसंच राहिलं. इथेही तेच लिहिलं. हैबतराव म्हणाले, "पत्ता काय टाकू, तुमचाच ना?" मी म्हटलं, नाय, गागोदे. ते माझ्याकडे बघत राहिले, पण लिहिलं त्यांनी. म्हणून मला वाटतं, जास्तीचं कापलं तर बरं. मर्यादेपुरतं कापलं तर तुझ्या हाती काय येणार?

तुझं नाव मी कुठूनच कमी केलेलं नाही. रोह्याच्या रेशनकार्डावरसुद्धा तू आहेस. आता कार्ड इकडे आणायचं तर तिथेही विचारतील, ही व्यक्ती कुठे असते म्हणून.

सोबत अर्ज आहे. युनियनने मराठीत काढलेला आहे, वाचून बघ, कुठे सोडचिठ्ठी दिसते का. रोह्याचे जुने कागदही याच पाकिटात घालतो, खोलीत ओल येते, ते तुझ्याकडे बाजूला ठेव.

दिनानाथ


गागोदे बुद्रुक
२७ सप्टेंबर १९९८

अर्ज तीनदा वाचला. सोडचिठ्ठी नाही, मान्य. मैनेचं ऐकून माझं डोकं फिरलं होतं. माझं चुकलं, असं लिहिते, पण तुम्ही पहिल्या पत्रात माणसासारखं लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती. "तुझी सही लागेल" म्हणे. जसं काही वीज मंडळाचं पत्र.

रेशनकार्डाचं वाचून तर मी कपाळावर हात मारला. म्हणजे एकोणीस वर्षं माझी साखर तुम्ही उचललीत? इथे नाथाच्या कार्डावर नाव चढवायला मी दोनदा पेणला गेले होते. तिथला माणूस म्हणाला, आधी रोह्याचं नाव कमी करून दाखला आणा, मग इकडे चढवू. तुम्हाला एक पत्र टाकलं असतं तर दाखला आला असता. मी नाही टाकलं. नाथाची बायको म्हणायची, वन्संच्या वाटची साखर सरकारनेच खाल्ली. मला बोलता यायचं नाही, कारण दाखला का मागवत नाही ते तिला काय सांगणार होते? बाकी पोरांच्या खिचडीत गूळ पडतो, त्यातला चमचाभर माझ्या चहाला व्हायचा.

मेल्यावरच्या पेन्शनचं तुम्ही लिहिलंत. मेल्यावरचं सगळं तयार आहे तुमचं. जिवंतपणीचं काय झालं ते विचारू का? बाळ गेलं, बारा दिवस झाले, आबा मला इकडे घेऊन आले. म्हणाले, पंधरा दिवसांनी न्यायला येतील. मी बोचकं सोडलंच नव्हतं. पंधराचे महिना झाले, महिन्याचे तीन झाले. सासरहून कोणी न्यायला आल्याशिवाय बाई आपल्या पायाने परत जाते का? गेली तर लोक काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक नव्हतं?

असो. आता अर्जाचं. खाली दोन जागा आहेत. डावीकडे "कामगाराची सही", तिथे तुम्ही केली आहे. उजवीकडे "मालकाची सही व शिक्का" आहे. मला मालक एकच माहीत. अंगणवाडीच्या बाया विचारतात, बाई, तुमचे मालक काय करतात? मी सांगते, मालक रोह्याला कंपनीत असतात. कधी म्हटलं नाही की नाहीत. तर कामगारही तुम्ही आणि मालकही तुम्ही, मग माझी जागा कुठे आहे? आणि शिक्का कसला? कुंकवाचा की काय?

कळवा. मग करते.

हौसा


रामवाडी, पेण
३ ऑक्टोबर १९९८

हौसा,

साखर उचलली खरी, पण माझ्या पोटात गेली नाही. शेजारी काशीबाई म्हणून म्हातारी राहायची, तिला द्यायचो. आपल्या बाळाला ती तेल लावायला यायची, तीच. दर महिन्याला पिशवी घेताना विचारायची, "हौसा कधी येतंय?" मी म्हणायचो, येईल. चार वर्षांपूर्वी ती वारली. मग मी साखर आणायचंच सोडलं.

न्यायला यायचं लिहिलंस. मला वाटलं होतं, आबा घेऊन गेले तर आबाच पोचवायला येतील. आमच्याकडे तशीच रीत होती, माझ्या बहिणींना बाबा पोचवून यायचे. मी रोज दुसऱ्या शिफ्टला जाताना कुलपाची चावी काशीबाईकडे ठेवून जायचो, तुम्ही आलात तर बाहेर ताटकळायला नको. बरीच वर्षं ठेवली. तुझ्याकडे न्यायला यावं लागतं आणि आमच्याकडे पोचवायला, हे लग्नात कोणी बोललंच नाही बघ.

सही समासात कर. कुठेही चालेल. लगेच पाठवायची घाई नाही, महिनाअखेर आहे. आधी पत्र लिही, मग सही कर, असंही चालेल.

इथे माझं बोलणं म्हणजे "आण, आण, थांब, उतर". दिवसभर एवढंच. संध्याकाळी खोलीवर आलो की तेही नाही. परवा ट्रक नव्हते, तर मी एकटाच काट्यावर जाऊन उभा राहिलो. काटा जरासा हलला. हैबतराव आत बघत होते. म्हणाले, "दिनानाथ, एवढं आम्ही धूळ म्हणून सोडून देतो." थट्टेत म्हणाले, चांगला माणूस आहे. पण दोन दिवस ते माझ्या मनातून जाईना.

तुझं पत्र आलं की मी ते डब्याखाली ठेवतो आणि रोज थोडं थोडं वाचतो. हसू नको.

दिनानाथ


गागोदे बुद्रुक
१२ ऑक्टोबर १९९८

हसले नाही. दुसरेच हसले.

समासात सही करायची तर कोणत्या बाजूला, म्हणून मी अर्ज घेऊन शाळेतल्या गुरुजींकडे गेले. बरोबर माझी मदतनीस ठमी होती, वाडीवरची. गुरुजींनी वाचलं आणि हसत सुटले. म्हणाले, "अवो बाई, मालक म्हंजे कंपनीचा मालक! तुमचे मालक नाय! कामगार नि कंपनी या दोघांच्या सह्या. यात बायकोचं काय काम?" ठमी तोंडाला पदर लावून हसली. संध्याकाळपर्यंत वाडीत आणि गावात झालं. आज शाळेचा शिपाई विचारतो, बाई, झाली का मालकाची सही?

गुरुजींवर माझा राग नाही. तुमच्या पहिल्या पत्राच्या वेळी तुम्हाला कळलं नसेल, समजू शकते. पण अर्ज हातात आल्यावर? बावीस वर्षं कंपनीत काढलेल्या माणसाला मालक कोण ते ठाऊक नाही? तुम्हाला कळलं होतं. कळूनसुद्धा पाठवलात, आणि मी शिक्क्याचं विचारलं तर म्हणे समासात कर. मला वेडी ठरवलीत.

अजून एक. तुमचे रोह्याचे कागद मी बाजूला ठेवले नाहीत, वाचले. सेवेच्या दाखल्यात नोकरी सोडण्याचं कारण लिहिलंय. "वैद्यकीय, छातीचा विकार." तुम्ही मला लिहिलंत बसून काम आहे म्हणून. जेटीवरची कोळशाची धूळ छातीला चांगली असते वाटतं?

म्हणून मेल्यावरचं एवढं घाईने चाललंय होय तुमचं. मला तुमचं पेन्शन नको. अर्ज परत पाठवत आहे, सही केलेली नाही.

हौसा


रामवाडी, पेण
१७ ऑक्टोबर १९९८

हौसा,

सगळं खरं आहे.

अर्ज हातात आला तेव्हाच कळलं. हैबतरावांना मी म्हटलं, बायकोची सही कुठे घ्यायची? ते म्हणाले, बायकोची कशाला? मी तिथेच खुर्चीत बसून राहिलो. तोवर तुझं पहिलं पत्र आलेलं होतं. शिव्यांचं होतं, पण आलं होतं. सही लागत नाही असं कळवलं असतं तर तू पुन्हा कशाला लिहिलं असतंस? म्हणून पाठवला. चार पत्रं मिळावीत एवढ्यासाठी मी खोटं बोललो. तुला लोक हसतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पाया पडून माफी मागतो असं समज.

छातीचं खरं आहे. डॉक्टर म्हणाले, बॉयलर सोडा. कंपनीत दुसरं काम नव्हतं. इथल्या धुळीचं मी त्यांना सांगितलेलं नाही. चढ चढताना दम लागतो, खोकला असतो, त्यापलीकडे सध्या काही नाही. तुला लिहिलं नाही, कारण दया म्हणून लिहिलेली पत्रं मला नको होती.

आता अजून एक सांगतो, ते कोणालाच सांगितलेलं नाही. मी एकदा आलो होतो. त्याच साली, चैत्रात. पिशवीत हिरवं लुगडं आणि नारळ होता. फाट्यावर उतरलो. तिथे दाजीची चहाची टपरी होती, चहा घेतला. मनात जुळवत होतो, आबांना काय सांगायचं. दाजी म्हणाला, "कोणाचे पाव्हणे?" साधा प्रश्न. गोविंदा लाडांचा जावई, एवढं सांगायचं होतं. पण बाळ गेलं त्या दिवशी संध्याकाळी मी शिफ्टला गेलो होतो, ते सगळ्या गावाला माहीत असणार असं मला वाटलं. घरात बसवेना म्हणून गेलो होतो गो, पगारासाठी नाही. मी दाजीला म्हटलं, रस्ता चुकलो, खोपोलीला जायचं होतं. परतीची एसटी यायला पाऊण तास होता. तो सगळा वेळ मी तिथेच बसलो आणि मग पेणला परत आलो. नारळ नागोठण्याला खाडीत सोडला. लुगडं ट्रंकेत आहे.

जोडअर्जाचं झालं एकदाचं. मालकाने, म्हणजे कंपनीच्या, सही करायला नकार दिला. म्हणाले, एकाचं केलं तर सगळे मागतील. आता मर्यादेपुरतंच कापणार.

परवा दिवाळी. पाडव्याला मी जोड शिफ्ट मागून घेतली आहे, सुट्टी घेऊन करायचं काय? तू लिहू नको म्हटलंस तर मी पुन्हा लिहिणार नाही. पण तसं लिहून तरी कळव.

दिनानाथ


(पोस्टकार्ड)

पेण, ३ नोव्हेंबर

पत्र नाही. पोस्टमन रोज जातो, मी विचारायचं सोडलं आहे. भातकापणी असेल म्हणून वेळ नसेल, असं धरून चाललो आहे. नवीन रेशनकार्डाचा फॉर्म आणला आहे. तुझं नाव घालू की नको ते तेवढं कळव.

दि.


गागोदे बुद्रुक
१५ नोव्हेंबर १९९८

कापणी होतीच. झोडणीही झाली. पण मी त्याच्यासाठी थांबले नव्हते. तुमच्या पत्राला उत्तर द्यायचं तर मलाही एक सांगावं लागणार होतं, आणि ते लिहायला मला महिना लागला.

तुम्ही फाट्यावर आला होतात ते मला त्याच दिवशी कळलं होतं.

दाजी आमच्याकडे दुधाला यायचा. तुम्हाला चहा देऊन तसाच आला. म्हणाला, "हौसा गो, टपरीवर एक माणूस बसलाय. बोलतो रस्ता चुकलो, पन पिशवीत नारळ हाय. मला तर तुझा नवराच वाटतोय. जाऊन तरी बघ." आबा शेतावर होते. घरात मी एकटी. फाटा दहा मिनिटांवर. मी गोठ्यात गेले आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. मनात म्हटलं, रोह्याहून इथवर आलेत, दहा मिनिटं आणखी चालतील. येऊ दे त्यांना दारात. बाळाला पुरून आलात आणि डबा घेऊन शिफ्टला गेलात, त्याचा राग होता. घरात बसवेना म्हणून गेलात हे मला आज कळतंय. तेव्हा वाटलं, यांना काही वाटलंच नाही. मग एसटीचा हॉर्न ऐकू आला. तरी मी गोठ्यातच होते. मग दाजी तुमच्या चहाचा रिकामा गिलास हातात घेऊन आला.

पळत गेले असते तर एसटी मिळाली असती. पाऊण तास म्हणजे काय कमी वेळ झाला? तो पाऊण तास मी रोज मोजत आले आहे. तुम्ही एकटेच भित्रे होतात असं समजू नका.

त्यामुळे तुम्ही चार पत्रांसाठी खोटं बोललात त्याचा राग मला फार दिवस धरता आला नाही. गाव हसलं ते हसलं. शिपाई अजून विचारतो, मी आता सांगते, मालकाला वेळ नाही रे.

कंपनीने जास्तीचं कापलं नाही ते बरंच झालं. मर्यादेच्या वरचं आता खिशात राहील, डॉक्टरला आणि एसटीच्या तिकिटाला लागेल. हैबतरावांना सांगून काट्यावरून आत, टेबलाचं काही काम मिळतं का बघा. लाज धरू नका, हे मी लिहिलंय म्हणून सांगा.

पाडव्याला मी ओवाळणीचं ताट केलं होतं. दरवर्षी करते. नाथाला ओवाळायचं ते भाऊबीजेला. पाडव्याचं ताट कोणासाठी, ते घरात कोणी विचारत नाही.

आता नीट वाचा. रविवारी, बावीस तारखेला, न्यायला या. मी आपली आपण येणार नाही. इतकी वर्षं धरलेलं आता शेवटाला सोडू कशी? लुगडं आणा. हल्ली मी पाचवारी नेसते, पण ते असू दे. नारळ नवीन घ्या. अंगणवाडी मी सोडणार नाही, हेही आताच सांगते. रामवाडीहून सकाळची खोपोली आहे, रोज येऊन जाऊन करीन. भात मी करीन, पण भांडी तुम्ही घासायची. आणि जिन्याची खोली असेल तर खालची बघा, तुम्हाला चढ नको.

रेशनकार्डाच्या फॉर्मात नाव घाला. साखर मी स्वतः आणीन.

सव्वादहाची एसटी फाट्यावर थांबते. वाट आता डांबरी आहे, पण चढ तेवढाच आहे. दम लागला तर मधल्या आंब्याखाली बसा, घाई करू नका. दाजी म्हातारा झालाय, डोळ्यांनी कमी दिसतं, पण टपरीवर अजून बसतो. तो विचारील, कोणाचे पाव्हणे. या वेळी नीट सांगा.

मी गोठ्यात नसेन.

हौसा दिनानाथ शिगवण